वायनरीत कोण थुंकलं, कोणी नाक घातलं

रिपोर्टरनं दिवसभर फिरून आणलेलं संपादक कापतो आणि कापलेलं आम्ही चहाच्या टपरीवर एकमेकांना ऐकवतो. इतक्या वर्षांत कापलेल्याचाच ढीग मोठा झालाय. त्यातले हे काही किस्से, एकाच वायनरीचे.

करमाडच्या पुढं आत एका गावात भाऊसाहेब आणि रुक्मिणी या नवरा-बायकोची छोटी वायनरी आहे. रविवारी शहरातून निघायचं, चार घोट चाखायचे, संध्याकाळी परत. मी, दोन-तीन मित्र, आणि गाडी चालवायला आमचा फोटोग्राफर सलीमभाई. तो पीत नाही म्हणून चालवतो; आम्ही पितो म्हणून त्याचं ऐकतो.

*

एकदा पुंडलिकनगरातले एक ओळखीचे गृहस्थ सोबत आले. आल्या आल्या सोडा मागितला. मग फरसाण. मग हळूच, "क्वार्टर नाही का हो मिळत?"

मी मान खाली घातली.

मग ते भाऊसाहेबांकडं वळले. "साहेब, वाइन बनवतं कोण?"

"ही. बीएस्सी केमिस्ट्री झालीय." भाऊसाहेबांनी बायकोकडं बोट केलं.

"हो, हो. पण खरं कोण बनवतं?"

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "खरं पण हीच बनवती. मला फक्त तुमच्यासारख्यांशी बोलायला ठेवलंय!"

*

चाखणारा माणूस घोट गिळत नाही, तोंडात घोळवून थुंकतो. दिवसभर टाक्या तपासायच्या तर दुसरा इलाज नाही. पण हे सासऱ्याला कोण सांगणार?

आण्णा, म्हणजे भाऊसाहेबांचे वडील. द्राक्षाची बाग त्यांची. माळकरी माणूस, वायनरीच्या दारातसुद्धा येत नसत. त्या दिवशी काहीतरी विचारायला आले आणि समोर सून बादलीत पचकन थुंकली! तेही आम्हा चार परक्या पुरुषांसमोर.

रुक्मिणीनं पदर सावरला.

"वरीसभर राबून पिकवलं म्या," आण्णांचा आवाज चढला, "अन तू थुंकतीस व्हय?"

रुक्मिणी मान खाली घालूनच म्हणाली, "आण्णा, मग पिऊ का?"

आण्णांनी गळ्यातली माळ चाचपली.

"थुंक," म्हणाले, आणि बागेकडं चालू पडले.

*

सलीमभाईच्या वडिलांचं जुन्या शहरात अत्तराचं दुकान. नाक तिथंच तयार झालेलं. एका रविवारी आम्ही पोचलो तर रुक्मिणीचा चेहरा उतरलेला. मोठ्या टाकीला काहीतरी वास येतोय, पण नेमका कसला ते कळेना. टाकी गेली तर हंगाम गेला.

"भाई, जरा वास घेऊन सांगता का?"

सलीमभाई दोन पावलं मागं सरकला. मग तिच्याकडं बघून पुढं आला, डोळे मिटून ग्लासावर वाकला. "भाभी, माचिस बुझाए बाद की बू आ रई."

म्हणजे गंधकाचा वास, हवा लागली की उडतो. तिनं लगेच पंप लावला, वाइन हवा खेळवत दुसऱ्या टाकीत घेतली. आम्ही सगळे उंबऱ्यावर बसून. तिनं पुन्हा ग्लास पुढं केला.

"अब?"

"अब जामुन."

रुक्मिणी तिथंच खाली बसली. सलीमभाई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "अब्बा को नक्को बोलो, मैं नाक किधर डाला!"

*

मी तिच्यावर लिहिलं. अगदी सरळ: शिकलेली सून, स्वतःची वायनरी. पुरवणीच्या संपादकानं मथळा दिला, 'शेतकऱ्याची सून गाळते दारू!'

मी पेपर घेऊन त्याच्या टेबलावर आपटला. "ही हातभट्टी वाटली का तुला?"

"चिडतोस काय? लोक वाचतायत ना!"

"वाचतायत म्हणूनच चिडलोय!"

दुपारी रुक्मिणीचा फोन. "भाऊ, सकाळपासून बाया ओट्यावर येऊन बसल्यात. ग्रामसभा लावलीय. विक्री बंद करा म्हणतायत."

विक्री बंद म्हणजे रविवारची गिऱ्हाइकं बंद, म्हणजे वायनरीच बंद. दुरुस्ती छापून आली. टेंडर नोटिसांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात.

*

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. पुढं बाया, मागं पुरुष. बायांची पुढारी काशीबाई. उजवा हात गळ्यात बांधलेला. कुणी मोडला ते कोणी विचारलं नाही. गावाला ठाऊक होतं.

"दारूचं एक दुकान बंद करता करता आमची हाडं मोडली," ती रुक्मिणीला म्हणाली, "अन तू दुसरं उघडतीस?"

रुक्मिणी उठून उभी राहिली. "मावशी, माझी बाटली तुमच्यापैकी कुणाच्या घरात आलीय, तेवढं सांगा."

"आमच्या आली!" मागून काशीबाईचा नवरा धोंडिबा उठला. "म्या आनली! आख्खी पिलो! अन काय झालं? कायबी नाय! नीट चालत घरला गेलो, जेवलो, झोपलो! ही दारू हाय का फसवनूक? बंद करा!"

पुरुष खो खो हसले. बायांतली एकही हसली नाही.

सरपंच म्हणाले, "बंद करायच्या बाजूनं हात वर करा."

धोंडिबाचा हात सगळ्यात आधी वर गेला. बाया काशीबाईकडं बघत होत्या. तिचा हात हलला नाही.

"चालू ठेवायच्या बाजूनं?"

काशीबाईनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. आणि डावा हात वर केला.