व्याह्यांची लांबलेली पेरणी

हवामानाशी वैयक्तिक वैर धरणारा माणूस आमच्या व्याह्यांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. खलिफा सिटीत माझ्या मुलीच्या घरी आम्ही दोघेही राहतो; त्या घरामागे त्यांचे मेथीचे दोन वाफे आहेत, आणि अबू धाबीचा उन्हाळा केवळ त्या मेथीसाठी मुक्काम वाढवतो, अशी त्यांची खात्री आहे. इथे उन्हाळा ओसरल्यावर पेरायचं असतं. तो ओसरला का, हे पाहायला ते रोज सकाळी लेंगा सावरून वाफ्यातल्या मातीत बसत आणि शंभर आकडे मोजत. शंभरापर्यंत बसवलं तर पेरणी. एकदा बत्तिसालाच उठले, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, जस्ट चेक द ॲप!"

"ॲपला बूड आहे का रे?" व्याह्यांनी शांतपणे विचारलं.

बियांना थंडीची ओळख व्हावी म्हणून ते बी फ्रीजमध्ये ठेवत, आणि कुणी दार आपटलं की "झोपलंय ते" म्हणून दटावत. पाच वर्षांपूर्वी दिवाळी उलटली तरी उकाडा हटेना, तेव्हा ते अंगणात उभे राहून सूर्याला म्हणाले, "खलास! यल्ला, निघा आता." पुढे आठवड्याने एकदाचे शंभर झाले. पेरलं, चार दिवसांत हिरवी लव उठली, आणि नेमकं त्यांना पूजेसाठी दोन दिवस शारजाला जावं लागलं.

"अहो व्याही, पाणी पहाटे घाला. दुपारी नळाला हात लावू नका," असं त्यांनी मला तीनदा बजावलं.

मी पहाटे उठलो नाही. दुपारी पाणी घातलं. गच्चीवरची टाकी तापलेली, पाइप सकाळपासून उन्हात पडलेला; आलं ते चहाचं आधण. कोंब जागच्या जागी शिजले.

परत आल्यावर व्याही थेट वाफ्यापाशी गेले. मी म्हणालो, "ऊन फार होतं हो."

"म्हणजे माझीच घाई झाली," ते म्हणाले. "शंभर मोजले, पण भरभर मोजले असणार."

त्यानंतर ते मातीत बसले नाहीत. दर वर्षी मलाच विचारू लागले, "सांगा व्याही, कधी पेरू?" मी डोळे मिटून, विचार केल्यासारखं करून, एखादा वार सांगायचो. ते तो पाळायचे.

गेल्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "इतकी वर्षं का नाही बोललात?" एवढंच म्हणाले.

खरं कारण असं, की मुलीच्या सासरी राहणाऱ्या बापाला कुणी काही विचारत नाही. भाजी कुठली आणायची हेही नाही. ते विचारत होते. मला बरं वाटायचं.

हेही त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

यंदा पेरणी कधी झाली, मला ठाऊक नाही. काल खिडकीतून पाहिलं, तर वाफे हिरवे झाले होते.