घंटेत पडलेले तांबे

तडकलेली घंटा वितळवून पुन्हा ओतली, तर तिचा नाद कशाने हरपतो? परवा दारात कल्हई चालली असता नवसागराचा वास आला आणि हा प्रश्न ज्या दिवशी पडला, तो सोलापुरातला दिवस आठवला. गल्लीतल्या मारुतीची तडकलेली घंटा जयंतीपूर्वी ओतून देण्याचे काम शाळामास्तर असून ओतकामाची हौस असलेल्या माझ्या थोरल्या बंधूंनी अंगावर घेतले होते. आमच्या परसातल्या भट्टीवर मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, कासे वितळले, तोच शेजारच्या काकू तांब्याची मोडकी पळी घेऊन आल्या. "ही टाका की देवाच्या घंटेत!" "काकू, वरून तांबे घातले तर घंटा वाजणार नाही." "पोरांना शिकवा की मास्तर, देवाला नको! आमचं तांबं त्याला चालत न्हाय व्हय?" पाठोपाठ सारी गल्ली आपापले तांबे घेऊन उभी राहिली. बंधू समजावून थकले, चिडले आणि शेवटी सगळे तांबे मुशीत पडले. जयंतीला पहिला टोल दिला, तर मडक्यावर थाप मारावी तसा बद्द आवाज निघाला. काकू सर्वांदेखत म्हणाल्या, "मास्तर, घंटा बिघडवली की तुमी!" बंधू पुन्हा त्या देवळात गेले नाहीत, आणि मला अजून चीड येते. घंटेच्या काशात तांब्याबरोबर कथलाचाही वाटा बराच असतो. तांबे वाढले की तो कमी पडतो, धातू मऊ होतो आणि नाद दबतो. सारख्या जाडीच्या दोन वाट्या, एक काशाची व एक तांब्याची, दोऱ्याने टांगून वाचकांनी टिचकी मारावी आणि हे स्वतः पडताळून पाहावे.