चिमट्यावरचा लाल ठिपका

सायकल मिस्त्रीकडे सोडून यायचं म्हटलं की मी आज-उद्या करत आठवडा काढायचो. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंगला टाकावीच लागे. सगळी खोलायची, रॉकेलनं धुवायची, ग्रीस भरून पुन्हा जोडायची. आणि खोललेल्या सायकलीतला चांगला माल काढून मिस्त्री लोक दुसऱ्याचा झिजका बसवतात, हे आमच्या वरवंड गावात पोराटोरांनाही ठाऊक. आमच्या मिस्त्रीला तसं करताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून तर मला त्याचा जास्त संशय. इतका सरळ माणूस असतो होय?

सायकल बावीस इंची, काळी. शाळेत कारकून म्हणून लागलो तेव्हा दौंडात घेतली, आणि टेम्पोत टाकली तर ओरखडे पडतील म्हणून उन्हातान्हात घरापर्यंत चालवत आणली. नव्वद सालानंतर शाळेतले एकेक जण मोटारसायकलवर गेले, मी नाही गेलो. खोटं कशाला बोलू, ती बायकोच्या आधी घरात आली होती, आणि बायको हे कधी विसरली नाही. पुढच्या दांडीवर छोटी सीट होती. तिच्यावर आमची पाच वर्षांची मुलगी बसायची. वस्तीवरून शाळेत रोज आम्ही दोघं. त्यातला मैलभर रस्ता सोलापूर हायवेचा, उसाचे ट्रक अगदी अंगावरून जायचे.

त्या वर्षी मी बंदोबस्तच केला. बायकोची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि एकेका पार्टवर, सहज दिसणार नाही असा, लाल ठिपका दिला. पेडल, चेनचं चाक, दोन्ही चाकांच्या मधले हब. पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याला मागच्या बाजूनं, मानेशी. रॉकेलनं ठिपका जात नाही, हेही आधी चमच्यावर करून पाहिलं.

"एवढा संशय असंल तर त्याच्या दुकानातच हातरूण टाका की," बायको म्हणाली.

चौथ्या दिवशी सायकल आणली आणि अंगणात उलटी करून ठिपके मोजायला बसलो. पेडलचे होते. हबचे होते. चिमट्याचा नव्हता! रंग तोच काळा, पण ठिपका गायब. सापडला चोर! खरं सांगतो, रागापेक्षा आनंदच जास्त झाला. तसाच सायकल घेऊन दुकानावर गेलो. बाकड्यावर तीन-चार शेतकरी पंक्चर निघायची वाट बघत बसले होते. बरंच झालं, म्हटलं, साक्षीदार आहेत.

"मिस्त्री, माझा चिमटा कुणाला विकला?"

तो चाकाचे स्पोक आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "खिळ्याला हाय बघा."

भिंतीवरच्या खिळ्याला चिमटा लटकत होता. ठिपक्यासकट. मिस्त्री उठला, तो काढून माझ्या हातात दिला आणि ठिपक्याच्या वर नख ठेवलं. मानेत चीर होती. अर्ध्याहून जास्त आत गेलेली. ठिपका देताना मी तिथंच डोळा लावून बसलो होतो, पण मला माझा ठिपकाच तेवढा दिसला.

"पोरगी फुडं बसती न्हवं तुमची?"

मी त्या चिरेवर स्वतःचं नख फिरवलं. हायवेवर, ट्रकाच्या पुढ्यात चिमटा तुटला असता तर. बाकड्यावरचे सगळे माझ्याकडे बघत होते.

"मग हा नवा कुठला?" कसंबसं विचारलं.

त्यानं दाराकडे हनुवटी केली. तिथं त्याची स्वतःची सायकल भिंतीला टेकवलेली होती, पुढून लुळी. चाक शेजारी पडलं होतं. "दौंडवरनं नवा यायला आठ दिस लागत्यात. तवर तुम्ही थांबला असता व्हय?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर म्हणला असता, मिस्त्रीनंच फोडला." तो पुन्हा स्पोककडे वळला. "ठिपकं बघितलं हुतं मी, भाऊसाहेब. पयल्याच दिशी."

म्हणालो असतो. शंभर टक्के तसंच म्हणालो असतो.

पुढच्या वर्षी सायकल घेऊन गेलो. मुलगी सीटवर होती, तिला उतरवून घेतलं. मिस्त्रीनं पान्याला हात घालण्याआधी फळीवरून नेलपॉलिशची नवीकोरी बाटली काढली आणि बाकड्यावर माझ्यासमोर ठेवली.

"आधी ठिपकं द्या," तो म्हणाला. "मग हात लावतो."