आत्याच्या जन्माचा दाखला

माणूस जन्मला, लग्नाला उभा राहिला किंवा मरून गेला, तरी दाखला निघेपर्यंत त्यातलं काहीच घडलेलं नाही, असं मानणारी माझी आत्या ही अख्ख्या नागपुरातली एकमेव बाई असावी. जरीपटक्यात दोन खोल्यांत ती आणि मामाजी, म्हणजे तिचे यजमान, राहत. मूलबाळ नव्हतं. कुणाकडे बाळ झालं की बाकीच्या बायका झबली-टोपडी घेऊन जात. आत्या जायची ती बाळाच्या बापाला फैलावर घ्यायला. "नाव काहून नाही टाकलं अजून? बिननावाचा दाखला काय चाटाचा आहे?" नाव ठरेपर्यंत ती त्या घरचा चहा घेत नसे. एका घरी नवराबायकोचं जमेचना, तेव्हा तिनंच नाव ठरवून टाकलं, आणि ती पोरगी आज त्याच नावानं शाळेत जाते. मयतीच्या घरीही तेच. बायका गळ्यात पडून रडत असताना ही सुनेला बाजूला घेऊन विचारायची, "दवाखान्याचा कागद जपून ठेवला नं वं?" लोक संतापायचे, आणि पंधरवड्यानं तोच कागद घेऊन तिच्याच दारात उभे राहायचे.

दाखले नेटवर मिळायला लागले तेव्हापासून तिच्या या कामात मी जुंपला गेलो. धरमपेठेतल्या माझ्या घरी तोंडात घास असताना फोन यायचा. "जेवून राहिला का गा? जेव, जेव. एका हातानं देख नं जरा, पाटलाच्या नातवाचा आला का."

मग तिच्या लक्षात आलं की आपल्या स्वतःच्या लग्नाची नोंद नाही. सत्तरीच्या घरातल्या मामाजींना तिनं फोटो स्टुडिओत नेलं, दोघांच्या गळ्यात हार घातले. मामाजी तसा अबोल माणूस, पण तेही बोलले, "फोटोले हार मेल्यावर घालतेत वं." विवाह नोंदणीच्या कचेरीतल्या मुलीनं मी दिलेला अर्ज पाहिला आणि माझ्या मागे पाहत विचारलं, "नवरानवरी कुठे आहेत?" आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आम्हीच. काहून, शोभत नाही का?" तो दाखला हातात पडल्यावर तिनं सगळ्या आळीला पेढे वाटले.

राहिला तो तिच्या जन्माचा दाखला. शाळेत गुरुजींनी सरसकट सगळ्या पोरांना लावली तीच एक जून तिच्याही नावापुढे लागलेली. ती तिला मुळीच मान्य नव्हती. छप्पन सालच्या, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला आजी पोटुशी होती आणि आत्या झाली तेव्हा शेतात तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, एवढं तिला ऐकून ठाऊक होतं. "मी थंडीतली आहो. मले उगाच उन्हाळ्यात काहून जन्माले घालता?"

तिचं माहेर पारशिवनीजवळचं. तिकडच्या जुन्या नोंदी आता संगणकावर चढवल्यात असं कळलं, तेव्हा मी तिला बसनं घेऊन गेलो. कचेरीतला कारकून भला होता. त्यानं नाव टाकून पाहिलं, आजोबांचं नाव टाकून पाहिलं, मागचंपुढचं वर्ष पाहिलं. "नाही दिसून राहिली, मावशी. त्या काळी घरीच व्हायची बाळंतपणं. कोणी सांगायलेच आलं नसन."

आता ही त्याला धारेवर धरणार म्हणून मी तिचा हात धरला. पण ती टेबलावर वाकली आणि एरवी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "अजून एक पाहा नं, भाऊ. पोरगी आहे. माझ्या लग्नानंतरची. इथंच, माहेरी झाली होती."

"नाव सांगा."

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "नाव ठेवाच्या आधीच गेली."

कारकुनाची बोटं तशीच थांबली. "नाव नसल्यावर शोधू कसं, मावशी?"

तरी त्यानं मामाजींच्या नावावर शोधलं. काही आलं नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून होती. कन्हान नदीचा पूल मागे पडल्यावर एवढंच म्हणाली, "डोळे उघडून पाहे ते माह्याकडे. मीच एकटी सांगते की ते होती. मी गेल्यावर कोण सांगन?"

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. पावसाळा संपता संपता तिला न्यूमोनिया झाला आणि ती दवाखान्यातून घरी आली नाही. मृत्यूची नोंद दवाखान्यानंच करून टाकली. तिच्या जन्मासाठी आम्ही जंग जंग पछाडलं होतं. मृत्यूचा दाखला घरबसल्या मोबाईलवर आला.

मी तो छापून जरीपटक्याला गेलो. मामाजी बाजेवर बसले होते. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घातली आणि विचारलं, "आता नेटवर नाव टाकलं तर सापडते का हे?"

"सापडते."

"टाकून दाखव नं गा."

मी टाकलं. पडद्यावर तिचं पूर्ण नाव उमटलं. मामाजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले. पडदा आपोआप काळा झाला, तेव्हा माझ्या मनगटाला हात लावून म्हणाले, "अजून एकदा."