सहाच्या ठोक्याची गर्दी

आप्पांची वाचा गेली त्या संध्याकाळी त्यांची मुलगी भलतीच खुशीत होती. सहा वाजून गेले, भिंतीवरच्या स्क्रीनवर आप्पांच्या वसाहतीचा टॉवर हिरवाच राहिला, आणि तिने खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणालासुद्धा, "मुकादम, आज चहा तुमच्याकडून."

ऑफिसात तिला सगळे मुकादम म्हणत. काम तसंच होतं. मोबाईल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसून कुठल्या टॉवरवर किती फोन आलेत, कुणाला आत घ्यायचं, कुणाला शेजारच्या टॉवरकडे धाडायचं, कुणाला जरा बाहेर थांबवायचं, हे ती ठरवायची. लोकांना वाटतं हवा फुकट म्हणजे हवेतली जागाही फुकट. त्या जागेसाठी दिवसभर काय रेटारेटी चालते ते हिला विचारावं. एखादं यंत्र उगाच लुडबुड करायला लागलं की ती स्क्रीनकडे बघून मोठ्याने म्हणायची, "हो बाजूला!" नवीन माणूस दचकायचा. जुने लोक मान वर न करता काम करत राहायचे.

हा स्वभाव बापाकडून आलेला नव्हता. आप्पा जन्मभर एका उंच इमारतीत लिफ्टमन होते. लिफ्ट लहान, दारात माणसं ढीगभर, पण "पुढच्या फेरीला या हं" हे ते असं काही म्हणायचे की मागे राहिलेला माणूस उलट त्यांचेच आभार मानायचा. निवृत्तांच्या वसाहतीत राहायला गेल्यावर मुलीचं काम त्यांनी सगळ्यांना दोन वाक्यांत समजावून टाकलं होतं. "माझी लिफ्ट होती, हिचा टॉवर आहे. धंदा एकच." कंपनीचा टॉवर लेकीच्या नावावर कधी झाला हे त्यांना कुणी विचारलं नाही.

दर रविवारी ती त्यांच्याकडे जेवायला जायची आणि आप्पा नेटवर्कविषयी काहीबाही विचारत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "बोलता बोलता फोन तुटतो तो का गं?" तिला भूक लागली होती, आठवडाभराच्या कामाने डोकं उठलेलं होतं. ती घास तोंडात ठेवूनच म्हणाली, "अहो आप्पा, चालू फोन म्हणजे जागा अडवून बसलेला माणूस. सगळ्यांनीच अडवली तर बोलणाऱ्याला कुठून मिळणार?"

हे खरं नव्हतं. गप्प पडलेल्या फोनचं टॉवरला काही ओझं नसतं. फोन बंद करून पुन्हा चालू केला की मात्र टॉवरला त्याची हजेरी घ्यावी लागते, तू कोण, कुठला, पैसे भरलेस का, आणि त्यातच त्याचा जीव मेटाकुटीला येतो. पण एवढं सगळं जेवताना कोण सांगणार? विषय संपवायचा म्हणून तिने काहीतरी फेकलं आणि हात धुवायच्या आत विसरूनही गेली. आप्पा मात्र विचारात पडून मान डोलवत राहिले.

पुढे काही महिन्यांनी त्या वसाहतीचा टॉवर रोज संध्याकाळी लाल व्हायला लागला. टॉवर जुना आणि लहान. बरोबर सहाच्या ठोक्याला शेकडो फोन एकदम हजेरी मागायचे, अर्धा तास गोंधळ, मग सगळे एकदम गायब. मुकादमने आठवडाभर डोकं खाजवलं. माणसं काही इतक्या शिस्तीत वागत नाहीत, हे तिचं अनुभवाचं मत. तेव्हा ही यंत्रंच. पाण्याची किंवा विजेची नवीन मीटरं कुणीतरी बसवली असणार, आणि ती एकाच वेळी जागी होत असणार. चौकशीला तिला वेळ नव्हता. वर तो आप्पांचा भाग. बापाच्या भागात तरी नेटवर्क धड असावं, म्हणून तिने रांगेतली बाकीची कामं बाजूला सारून हे आधी हातात घेतलं.

नियम सोपा केला. सहाच्या सुमारास हजेरीला गर्दी झाली की नवीन येणाऱ्याला टॉवर 'थांब' म्हणणार. जो पुन्हा पुन्हा दार वाजवील त्याला आणखी जास्त थांबवणार. फक्त रुग्णवाहिकेचा आणि पोलिसांचा नंबर कुणी लावला तर त्याला न अडवता आत सोडणार. आधीपासून आत असलेल्या माणसांना काही त्रास नाही. आणि संध्याकाळी सहाला नव्याने फोन चालू करून बसतंय कोण?

पहिल्याच दिवशी टॉवर हिरवा राहिला. तिने टाळी वाजवली ती तेव्हा. चहा पाजला. साहेब स्वतः टेबलापाशी येऊन पाठ थोपटून गेले. ती पर्स उचलून निघणार तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला, आणि कुणी परका माणूस तिला म्हणाला की तुमचे वडील माझ्या गाडीत आहेत, आम्ही हॉस्पिटलच्या दारात पोहोचतोय, तुम्ही या.

डॉक्टर तरुण होती आणि आडपडदा न ठेवता बोलत होती. डोक्यातली रक्ताची गुठळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "एक इंजेक्शन असतं, ते दिलंय, पण ते जितकं लवकर मिळेल तितकं लागू पडतं. यांना आणायलाच फार उशीर झाला. जीव वाचलाय. बाकी बघू."

"पण घरापासून हे हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे!" मुकादम ओरडलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीकाका आले. आप्पांचे वसाहतीच्या बागेतल्या बाकावरचे दोस्त, आयुष्यभर मशीनवर वाकून वाकून पाठीला पोक आलेला. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून टोपी हातात फिरवू लागले. ती शेजारी जाऊन बसली.

"काका, काल नक्की काय झालं?"

"बागेत बसलो होतो गं. सहा वाजले, आम्ही आपले फोन चालू केले. आणि आप्पा म्हणाला, हाताला मुंग्या येतायत."

"फोन चालू केले म्हणजे? बंद का होते?"

शिंपीकाका तिच्याकडे असे बघायला लागले, जणू तीच काहीतरी विसरली होती. "तूच नाही का सांगितलंस? चालू फोन टॉवरवर जागा अडवतो म्हणून? आप्पाने सगळ्या वसाहतीला लावलीय ती शिस्त. इमारती-इमारतीतून फिरला तो. म्हणाला, माझ्या पोरीचा टॉवर आहे, तिला ताप नको. दिवसभर फोन बंद. पोराबाळांचे फोन सहाला येतात, तेवढ्यापुरते चालू. सगळे पाळतात बघ. माझी बायकोसुद्धा पाळते, आणि ती माझं काही ऐकत नाही."

पाण्याची मीटरं नव्हती. विजेची नव्हती. ती माणसं होती, तिच्या बापाने घरोघर जाऊन तयार केलेली, आणि तिने त्या सगळ्यांना मीटर समजून दाराबाहेर उभं केलं होतं.

"मग?" तिने विचारलं.

"मग त्याने तुला लावला. लागेना. पुन्हा लावला. मी म्हटलं, रुग्णवाहिकेला लाव. तर म्हणतो, नेटवर्कच नाही तर तो तरी कसा लागेल? मलाही तसंच वाटलं, माझाही फोन मेलेलाच. मी म्हटलं, उठ, चालत रस्त्यावर जाऊ. तर मलाच हात धरून खाली बसवलं. म्हणाला, गर्दी असेल रे, दम धर. आपला नंबर आला की लागेल, लेक बसलीय ना तिथे. असा तासभर गेला, आणि बोलता बोलता जीभ जड झाली त्याची. शेवटी मी धावलो आणि पहिली दिसली ती गाडी अडवली."

ती उठली. खिडकीशी जाऊन कंट्रोल रूमला फोन लावला, आणि सहकाऱ्याला म्हणाली, "माझा कालचा नियम काढ. आत्ताच्या आत्ता."

"कुठून काढू?"

"कुठून म्हणजे? त्या एका टॉवरवरून!"

"अहो मुकादम, तुम्हाला कळलं नाही का? साहेब एवढे खूश झाले की सकाळी आल्या आल्या सगळ्या शहराला लावायला सांगितला. तुमच्या नावाने निरोप फिरलाय. अभिनंदन हं!"

तिने खिडकीची चौकट धरली आणि व्हरांडाभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "काढ! सगळीकडून काढ! साहेबांना सांग माझ्या बापाने सांगितलंय! काहीही सांग, पण काढ!" सहकारी घाबरून काढतो म्हणाला. तो खरंच काढेपर्यंत तिने फोन कानावरून हलवला नाही.

मग ती आप्पांच्या खोलीत गेली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण डोळे तिला बघून हसले. डाव्या हाताने त्यांनी तिचा हात ओढून घेतला. काहीतरी विचारायची धडपड चालली होती, नुसतेच सूर निघत होते. मागून आलेले शिंपीकाका म्हणाले, "टॉवरचं विचारतोय वाटतं. गर्दी सरली का म्हणून."

सांगू नये असं तिला फार वाटलं. बरे झाल्यावर सांगता येईल, कधीच नाही सांगितलं तरी कुणाला कळणार आहे. पण हा माणूस उद्या बोलायला लागला तर पुन्हा बाकावर जाऊन लोकांना दम धरायला सांगेल, हेही तिला दिसत होतं.

"आप्पा, ती गर्दी सहाला एकदम चालू केलेल्या तुमच्याच फोनांची होती," ती म्हणाली. "फोन बंद ठेवून काही साधत नाही, ते मी उगाच बोलले होते. आणि काल तुम्हाला मीच थांबवलं. माझ्या हाताने. मला वाटलं, यंत्रं आहेत."

आप्पांच्या डोळ्यांतलं हसू एकदम गेलं नाही. आधी त्यांना कळलंच नाही, मग हळूहळू कळत गेलं, आणि ते कळताना तिला समोर उभं राहून बघावं लागलं. शिंपीकाकांनी मान फिरवली. आप्पांनी तिच्या हातातला आपला हात काढून घेतला. डाव्या हातात अजून तेवढं बळ होतं.