लॅबच्या मशीनपुढची टिक

गिरिधर सरांच्या पोटात दुखायला लागलं ते ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहाला. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हतं. नवीन जालन्यातल्या ज्या बियाणे कंपनीत ते बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होते, तिचे मालक राधेश्याम शेठ यांनी सगळ्यांना खाली हॉलमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की चौदा ऑक्टोबरनंतर विंडोज दहाला नव्या दुरुस्त्या मिळायच्या बंद होणार, तेव्हा त्याच्या आत ऑफिसातले एकतीसच्या एकतीस कॉम्प्युटर अकरावर न्यायचे. काम आदिनाथ बघेल.

"गिरिधर सर आहेतच मदतीला," शेठ जाता जाता म्हणाले.

मदतीला! सर खुर्चीवर बसले होते ते बसूनच राहिले. शेजारी हिशेब बघणाऱ्या दुर्गाबाईंनी टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यांनीही दोन वाजवल्या.

आता हे सर कोण, ते सांगायला हवं. राहायला कदीम जालन्यात, रोज नदीचा पूल ओलांडून स्कूटरवर यायचे. कंपनीत आले तेव्हा सगळ्या ऑफिसात मिळून एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर टॉवेल झाकलेला असायचा. तेव्हापासून कुणाचं काहीही अडलं, की एकच हाक: सरांना बोलवा. सर यायचे. आधी चहा व्हायचा, मग चष्मा पुसून व्हायचा, आणि मग कुठं कीबोर्डला हात लागायचा. निम्म्या वेळा त्यांनी मशीन नुसतं बंद करून चालू केलेलं असे. पण त्या चष्मा पुसण्यात असा काही रुबाब होता, की आपणही हे करू शकलो असतो असं कुणाच्या मनात यायचं नाही.

आदिनाथ हा अंकुशनगरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. नऊ वर्षांपूर्वी गोदामात लॉट नंबर लिहायला म्हणून लागला. जेवणाच्या सुट्टीत सरांच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. सरांनीच त्याला शिकवलं, अगदी माऊस हातात धरण्यापासून. नंतर तो शिकत गेला आणि सर होते तिथंच राहिले. ते त्याला दिसत होतं आणि सरांना दिसत नव्हतं. शेठनी त्याला आठ दिवस पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं, तेव्हाही सरांना वाटलं, पोरगं फिरून येईल, बिचाऱ्याला तेवढंच.

"मंग चांगलंच झालं की," संध्याकाळी प्रेमलाताई पोळी वाढत म्हणाल्या. "तुमचाच चेला न्हाई का तो?"

"चेला हाय म्हणूनच तर!" सर म्हणाले आणि ताटावरून उठले. बायकोला काही म्हणजे काही कळत नाही, असं त्यांचं मत त्या दिवशी पक्कं झालं.

आदिनाथने काम सुरू केलं तेही सरांना खुपेल अशाच पद्धतीने, म्हणजे चांगलं. प्रत्येक कॉम्प्युटर उघडून पाहिला आणि त्याच्यावर गोल चिकटी लावली. हिरवी असेल तर नवी सिस्टीम सरळ चालेल, पिवळी असेल तर आधी मेमरी वाढवायची, लाल असेल तर मशीनच बदलायचं. लाल चिकट्या तीनच निघाल्या. त्यातली एक सरांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर.

"सर, तुमच्यासाठी नवं मशीन मागवलंय. शेठजींना म्हटलं, पहिलं सरांचंच पाहिजे."

सरांना त्यातलं फक्त लाल तेवढं दिसलं. येणारा-जाणारा त्या चिकटीकडे बघतो आणि मग आपल्याकडे बघतो, असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं. लोक आता वाटेत आदिनाथला थांबवून विचारत होते. तपासणी लॅबच्या दैवशालाताई, ज्यांनी अकरा वर्षं सरांशिवाय कुणाला आपल्या मशीनला बोट लावू दिलं नव्हतं, त्या परवा म्हणाल्या, "आदिनाथ सरांना विचारून सांगते." आदिनाथ सर! सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी हसून "विचारा, विचारा" म्हटलं आणि दुपारचा चहा घेतलाच नाही.

सगळ्या तयारीचा मोठा तक्ता आदिनाथने हॉलच्या भिंतीवर लावला होता. एका बाजूला मशीन, पुढे बॅकअपचा रकाना, त्याच्यापुढे टिक आणि सही. टिक झाली म्हणजे आतली सगळी माहिती बाहेर काढून ठेवली, आता मशीन पुसून नवी सिस्टीम टाकायला हरकत नाही. पण नुसत्या टिकेवर त्याचा विश्वास नव्हता. दुर्गाबाईंनी टिक केली, तर तो त्यांच्याकडे जाऊन बसला. "बाई, ही फाइल उघडून दाखवा. आता ही. आता मागच्या सालची."

"मी काय खोटं बोलून राह्यले का?" दुर्गाबाई भडकल्या.

सरांना त्या दिवशी जेवण गोड लागलं. म्हटलं, चला, दुसऱ्या कुणाला तरी हा माणूस नकोसा होतोय.

बाकी सगळी मशीनं एकमेकांना जोडलेली होती. लॅबचं तेवढं वेगळं होतं, व्हायरसच्या भीतीनं सरांनीच पूर्वी तोडून ठेवलेलं. त्यात दैवशालाताईंनी भरलेल्या उगवणीच्या नोंदी होत्या. कोणत्या लॉटचे शंभरातले किती दाणे कितव्या दिवशी उगवले, अकरा वर्षांचं सगळं. दसऱ्याच्या आठवड्यात, सोमवारी आदिनाथ सरांच्या टेबलाशी आला.

"सर, लॅबचा बॅकअप तुम्ही घेता का? मी पॅकिंगची मशीनं करून राह्यलो. शुक्रवारी सकाळी लॅबचं पुसायचंय."

ज्याला आपण माऊस धरायला शिकवला, तो आपल्याला काम सांगतोय. सर तक्त्याकडे बघत म्हणाले, "घेतो. बिलकुल काळजी करू नको."

मंगळवारी त्यांनी घेतला नाही. कारण काही नव्हतं, नुसतं मन होत नव्हतं. बुधवारी खंडेनवमी. त्या दिवशी ऑफिसातली सगळी यंत्रं बंद करून पूजेला मांडायची आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा कंपनीचा जुना नेम, आणि ती पूजा करायचा मान सरांचा. हा मान तरी अजून कुणी काढून घेतला नव्हता. सकाळी अंघोळ करून सोवळ्यात आल्यासारखे ते आले आणि नेहमीसारखी गोदामातल्या वजनकाट्यापासून सुरुवात न करता थेट लॅबमध्ये शिरले. बॅकअप घ्यायला दोन तास तरी गेले असते. त्यांनी मशीन बंद केलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आता कोण हात लावणार? मग हॉलमध्ये येऊन तक्त्यावर लॅबपुढे टिक केली आणि सही ठोकली.

हे त्यांनी मुद्दाम केलं का? विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि ते अर्धं खरंही होतं. पुढं करू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण खालच्या थरात दुसरंही काहीतरी होतं. पोराच्या तक्त्यात एक भोक राहू दे. एकदा तरी लोकांना कळू दे.

गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. सरांनी आपट्याची पानं वाटली, श्रीखंड खाल्लं, आणि रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी ते पाऊण तास आधी निघाले, पण पोचले तेव्हा आदिनाथ लॅबमध्ये बसलेला होता. हार काढून बाजूला ठेवला होता. नव्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह लावलेला होता. पडद्यावर तो प्रश्न आलेला होता, की डिस्कवरचं सगळं पुसायचं, नक्की ना? शेजारी दैवशालाताई गव्हाच्या नव्या लॉटचे दाणे गुंडाळलेले ओले कागद उलगडत होत्या, रब्बीची घाई होती.

सर दारात उभे राहिले. बोलायला एक शब्द पुरला असता. आणि एक क्षण, खरंच एक क्षण, त्यांना तो शब्द बोलावासा वाटला नाही. उद्या सगळं ऑफिस आदिनाथला बोल लावील, शेठ बोलतील, तो खाली मान घालून उभा राहील. मग दैवशालाताईंनी आपल्या नोंदवहीतला एक आकडा पुसला, पुन्हा दाणे मोजले आणि तोच आकडा पुन्हा लिहिला.

"थांब!" सर ओरडले. "बॅकअप न्हाई घेतला. टिक खोटी हाय."

आदिनाथचा हात माऊसवरून निघाला. दैवशालाताईंचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात आवाज ऐकून शेठ जिन्यावरून खाली आले. काय झालं, काम का थांबलं?

"लॅबचा बॅकअप राह्यलाय शेठजी," आदिनाथ उठून उभा राहिला. "माझी चूक."

मग शेठ बोलले. चांगलं पाच मिनिटं, दारात जमलेल्या सगळ्यांसमोर. दोन महिने काय केलंस, पुण्याला कशाला पाठवलं, पुसलं गेलं असतं तर सरकारी तपासणीला काय दाखवायचं होतं? ऑगस्टपासून सर ज्याची वाट बघत होते तेच हे, आणि त्यांना ते गोडही लागलं. तेच त्यांना सहन होईना. शेठ वळून जिन्यापर्यंत गेले. तेव्हा कुठं सर मागे धावले.

"शेठजी, तो खोटं बोलून राह्यला. सही माझी हाय. बघा तक्त्यावर."

शेठनी एकदा तक्ता पाहिला, एकदा सरांना पाहिलं. "गिरिधर सर, तुम्ही?" एवढंच म्हणाले आणि वर गेले. त्या तीन शब्दांत बावीस वर्षं होती. ती आता पहिल्यासारखी राहणार नव्हती, हे सरांना तिथल्या तिथं कळलं.

लॅबमध्ये आदिनाथने पेनड्राइव्ह काढून ठेवला होता. सर मशीनपुढे बसले. बाहेरची हार्ड डिस्क लावून नोंदी उतरवायला सुरुवात केली. दैवशालाताई त्यांच्याकडे पाठ करून दाणे मोजत होत्या.

"तू कशाला अंगावर घेतलंस?" शेवटी सरांनी विचारलं. आवाजात अजून राग होता. हे मोठेपणही यानेच मिळवायचं, असं त्यांना वाटत होतं.

"खोटं न्हाई बोललो सर," आदिनाथ म्हणाला. "तीस मशीनं मी स्वतः फाइली उघडून तपासली. हे एकच न्हाई तपासलं. तुमची सही होती ना. तुमचं काम तपासायला मला जमलंच न्हाई."

पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती. ती भरायला साडेदहाचे साडेबारा झाले. भरली, तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि खुर्ची आदिनाथकडे ढकलली.

"बस," ते म्हणाले. "एकेक उघडून तपास. मी दाखवतो."