चिखलाचे कायदे

ज्या माळावर सलग तीन वर्षं चिखल झाला नव्हता, तिथं हवालदार नाना आम्हाला चिखलाचे कायदे शिकवायचे. मी पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा हा माणूस उन्हानं बिघडला असावा, असंच मला वाटलं.

कारखान्याच्या मागं, जळकोटच्या बाजूला, मुरमाड माळ होता. चेअरमनसाहेब पुण्याला कुठंतरी गोल्फ पाहून आले आणि आपल्याही कारखान्याला असं मैदान हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. उसाअभावी गाळप निम्म्यावर आलं होतं. आसपासच्या गावांतल्या बाया-माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती. अशा दिवसांत त्या माळावर पाच होल खणले गेले. गवत उगवणं शक्यच नव्हतं, म्हणून होलभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून काळपट गोल गालिचे केले. खडी फोडायला जाणारे लोक वाटेत थांबत आणि तोंडात बोट घालून बघत. मी टाइम ऑफिसात नवा लागलो होतो. कमी फटक्यांत चेंडू होलात घालणारा जिंकायचा, आणि अक्षर बरं म्हणून त्या फटक्यांचं कार्ड लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

मैदान राखायला माणूस कोण, तर हवालदार नाना. फौजेत असताना कुठल्याशा छावणीच्या गोल्फ मैदानावर त्यांनी बारा-चौदा वर्षं काढली होती. गावातल्या बौद्धवाड्यात त्यांचं दोन खणांचं घर होतं. अंगानं काटक, मिशा पांढऱ्या, आणि खाकी सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. कारखान्यात ते रोजंदारीवर होते. दिवाळीपर्यंत कायम करतो, असा चेअरमनसाहेबांनी शब्द दिला होता.

नानांना खेळाचे सगळे कायदे तोंडपाठ होते आणि त्यांचा जीव होता तो पावसातल्या कायद्यांवर. एकदा दुपारी जेवताना त्यांनी डब्यातल्या घट्ट पिठल्यात वरून कांद्याची फोड टाकली. फोड रुतून बसली.

"हे बघा टाइमबाबू, बॉल असा सोताच्या खड्ड्यात रुतला, तर उचलायचा. पुसायचा. हात खांद्याच्या उंचीला लांब करायचा आन् तिथंच जवळ सोडायचा. दंड न्हाय."

"नाना, इथं प्यायला पाणी नाही. बॉल रुतणार कशात?"

"पानी न्हाय म्हून कायदा न्हाय का?" असं म्हणून त्यांनी फोड उचलली, पुसली आणि खाऊन टाकली.

हरवलेल्या चेंडूचा कायदा त्याहून कडक होता. शोधायला पाच मिनिटं. त्यात सापडला नाही तर हरवला. मागं जायचं, पुन्हा मारायचा, वर एक फटका दंड. साचलेल्या पाण्यात गेल्याचा पक्का पुरावा असेल तरच दंड माफ. "अंदाज म्हंजे पुरावा न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मैदानाबाहेरही तसंच वागत. मिल हाउसमधला एक पाना नाहीसा झाला तेव्हा सगळ्यांनी एका हेल्परवर बोट ठेवलं. नाना वाटेनं जाता जाता थांबले आणि एकेकाला विचारू लागले, "तुम्ही बघितला का घेताना? तुम्ही?" कुणीच बघितलं नव्हतं. दोन दिवसांनी पाना आरडाओरडा करणाऱ्या फिटरच्याच सायकलच्या पिशवीत निघाला.

त्या वर्षी परतीचा पाऊस असा कोसळला की माळ ओळखू येईना. दोन दिवस, दोन रात्री. मुरमाखालची काळी माती वर आली आणि चौथ्या होलपलीकडच्या खोलगट जागेत तळं साचलं. तिसऱ्या दिवशी उघडीप झाली. शेजारच्या कारखान्याचे चेअरमन त्याच दिवशी सामना खेळायला येणार होते. ते आले. दोघा चेअरमनांत सामना, बघायला आमचे अधिकारी, न्यायाला नाना आणि कार्ड लिहायला मी.

चार होल झाले तेव्हा बरोबरी होती. शेवटच्या होलला पाहुण्यांचा चेंडू नीट पडला. आमच्या साहेबांनी काठी फिरवली आणि चेंडू उंच उडून बाभळींच्या ओळीकडं गेला. तिथं चिखल होता आणि थोडं पुढं तळं. सगळे धावले. कुणी काठीनं उकरत होतं, कुणी धोतर सावरून वाकत होतं. मी घड्याळ लावलं.

"पाण्यातच गेला साहेब," शेतकी अधिकारी म्हणाले. "दंड नाही."

"पानी उडताना बघितलं का?" नानांनी विचारलं.

"बघितलं नाही. पण अंदाज आहे ना."

"अंदाजावर न्हाय साहेब."

पाहुणे मिशीत हसत उभे होते. पाच मिनिटं झाली. नानांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली.

"बॉल हरवला," नाना म्हणाले. "मागं जाऊन परत मारायचा. एक दंड."

आमच्या साहेबांना असं कुणी सांगितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा काळानिळा झाला, पण पाहुण्यांसमोर बोलता येईना. ते तरातरा मागं निघाले आणि बाकीचे त्यांच्यामागं. बाभळीखाली नाना आणि मी, दोघंच राहिलो.

नानांनी पाय उचलला. चिखलात बुटाचा ठसा उमटला होता आणि त्या ठशाच्या मधोमध पांढरं काहीतरी चमकत होतं. चेंडू नानांच्या पायाखालीच दबला होता.

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. असा भेदरलेला चेहरा मी त्यांचा त्याआधी कधीच पाहिला नव्हता. आपल्या पायाखाली काय आहे, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. कुणाचं लक्ष नव्हतं. पाय पुन्हा टेकवला असता तर ती गोष्ट तिथंच मातीत गेली असती. मी त्यांचा दंड धरला. "चला नाना," मी हळूच म्हणालो. "चला इथनं."

ते हलले नाहीत. मग परेडच्या मैदानावर द्यावी तशी त्यांनी हाक दिली.

"साहेब! बॉल सापडला! माझ्या पायाखाली व्हता!"

सगळी माणसं जागच्या जागी थिजली. साहेब धावत परत आले. "मग झालं तर! हा माझा बॉल. इथूनच मारतो."

"न्हाय साहेब. येळ झाल्यावर सापडला. आता त्यो हरवल्यालाच. चूक माझी हाय, पन कायदा त्योच."

माझा कानांवर विश्वास बसेना. लपवलं असतं तर वाचले असते. सांगून झाल्यावर साहेबांना खेळू दिलं असतं तरी वाचले असते. या माणसानं दोन्ही वाटा स्वतःच्या हातानं बंद केल्या. साहेबांनी मागं जाऊन पुन्हा चेंडू मारला आणि एका फटक्यानं सामना हरले. जीपमध्ये बसताना पाहुणे मोठ्यानं म्हणाले, "चेअरमन, तुमच्या माळ्यानंच हरवलं की हो तुम्हाला!"

सोमवारी कामगार अधिकाऱ्यांच्या खोलीत चौकशी लागली. माळ्यानं चेंडूवर मुद्दाम पाय दिला, अशी तक्रार होती. "या लोकांना जवळ केलं की हे असं होतं," असं शेतकी अधिकारी नानांच्या समोरच म्हणाले. ऐकून माझ्या कानशिलांत सणक गेली, पण मी नजर टेबलावरच ठेवली. नाना दाराशी उभे होते, वरची गुंडी लावून. त्यांना कुणी बसायला सांगितलं नाही.

कामगार अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "तुम्ही शेजारी होता. याला माहीत होतं का, पायाखाली बॉल आहे म्हणून?"

'नाही' एवढा एकच शब्द पुरला असता. माझी नोकरी अजून पक्की नव्हती. मुलगी वीस दिवसांची होती आणि बायकोची तब्येत अजून सावरली नव्हती.

"माझं लक्ष घड्याळात होतं," मी म्हणालो. "मला काही दिसलं नाही."

अधिकारी नानांकडं वळले. "खरं आहे का हे?"

"व्हय," नाना म्हणाले. "बाबूचं ध्यान घड्याळात व्हतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर यायचं नाही म्हणून सांगण्यात आलं. जाताना ते टाइम ऑफिसपाशी थांबले. मी खिडकीआड हजेरीच्या वहीत डोकं घातलं, ते पावलांचा आवाज दूर जाईपर्यंत वर केलं नाही.

ते मैदान त्यानंतर वर्षभरही टिकलं नाही. नाना नळदुर्गला लेकीकडं गेल्याचं कळलं. मधल्या काळात मी कायम झालो, मला बढती मिळाली. नळदुर्गवरून कितीदा तरी गेलो, पण एसटीतून उतरायचा धीर झाला नाही. चौदा वर्षांनी एकदा उतरलो.

हायवेच्या कडेला, एका ढाब्याला लागून त्यांनी रोपांची बाग केली होती. डब्यांतून, फाटक्या पिशव्यांतून लिंब, सीताफळ, पेरू. नाना पार वाळले होते, पण मला त्यांनी लांबूनच ओळखलं. "या टाइमबाबू," म्हणाले आणि ढाब्यावर चहा सांगितला.

चहा येईपर्यंतही मला दम निघाला नाही. "नाना, मला दिसलं होतं," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी खोटं बोललो."

"ठाऊक हाय की."

"कसं काय?" मी विचारलं.

"तुम्ही माझा दंड धरला व्हता. चला इथनं म्हणला व्हता. दिसल्याबिगर कोन म्हनंल?"

"मग तुम्ही तिथं बोलला का नाहीत? 'यांनी पाहिलंय' एवढं म्हणाला असता तर..."

"तर तुमी बी गेला असता." नाना एका पिशवीतली माती बोटानं दाबत होते. "साहेबाला माझा राग व्हता, म्या जानारच व्हतो. तुमच्या घरात बाळंतीन. दोन चुली एका दिशी इझवून काय मिळालं असतं?"

मी उठून त्यांच्या पायांकडं वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. "हां हां, असलं न्हाय करायचं. बसा. चा निवतुय."

मी बसलो. समोरून ट्रकमागून ट्रक सोलापूरकडं जात होते. चौदा वर्षं मी ज्याच्यापासून तोंड लपवत होतो, तो माणूस त्या खोलीतसुद्धा, स्वतःचं सगळं जात असताना, मला झाकत उभा होता.

नानांनी बशी माझ्याकडं सरकवली.

"पोरगी कितवीला हाय आता?" त्यांनी विचारलं.

"नववीला," मी म्हणालो आणि बशी उचलली.